निवडलेला आणि राहिलेला

रविवारची उपासना नुकतीच संपली होती. मंडळी बाहेर चिंचेखाली घोळक्याने उभी होती आणि माझे वडील, आप्पा, मिशनच्या देवळाच्या दारात थांबून एकेकाचा हात हातात घेत होते. सगळ्यांच्या मागे एक अनोळखी माणूस उभा राहिला. अंगात लाल, सोनेरी फितींचा कोट, खाली चुरगळलेला पायजमा. देवळाच्या पायरीवर यायचं म्हणून त्याने वहाणा काढल्या होत्या आणि ठेवायच्या कुठे हे न कळल्यामुळे त्या हातातच धरल्या होत्या.

"पाटोळेसाहेब आपणच काय?"

"हो."

"मी इलाही. बँडमास्तर. आपला जयवंत माझ्याकडं क्लॅरनेट वाजवतोय." तो थांबला. "म्हणजे वाजवत हुता. आता फुंकायला दम ऱ्हायला न्हाई. सरकारी दवाखान्यात हाय. डागदर म्हणाले, घरच्यास्नी कळवा. वरातीतनं तसाच एस्टीत बसलो."

आप्पांचा चेहरा हलला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं पाठवलं तुम्हाला?"

"न्हाई जी. कळवू नका म्हणूनच सांगितलंय त्यानं. म्या ऐकलं न्हाई."

मी आप्पांच्या मागेच उपासनासंगीताची पुस्तकं गोळा करत होतो. हातातली पुस्तकं तशीच बाकावर टाकून मी बाहेर आलो. इलाही मास्तर माझ्याकडे बघून दचकले. दचकणारच. जयवंत आणि मी जुळे. माझ्या आधी घटकाभर तो जन्मला, म्हणून तो थोरला. तोंडावळा एक, उंची एक, डाव्या भुवईतला उलटा केसही एक. फक्त मी शीलवंत, मिशनच्या हायस्कुलातला मास्तर, बापाजवळ राहणारा. आणि तो जया, दहा-अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला.

तो का गेला, ते आधी सांगायला हवं.

आप्पा मंडळीचे पाळक होते, तसेच मिशन कंपाउंडातल्या, पाळक तयार करणाऱ्या सेमिनरीत प्राचीन मंडळीचा इतिहास शिकवत. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या चार-पाच शतकांतले वाद त्यांना भाऊबंदकीच्या भांडणांसारखे तोंडपाठ होते. त्यातला एक वाद त्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा. एका बाजूला माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं म्हणणारा एक संन्यासी, आणि दुसऱ्या बाजूला उत्तर आफ्रिकेतला एक म्हातारा बिशप. बिशप म्हणे, माणसाच्या बळावर काही होत नाही. देवाने जग घडवण्याआधीच काहींना तारणासाठी निवडून ठेवलं आहे. त्यांच्यात काही गुण दिसले म्हणून नव्हे, केवळ त्याची मर्जी म्हणून. बाकीचे राहिले ते राहिले. का राहिले, हे विचारायची माणसाची पायरी नाही. आणि आपण निवडलेल्यांतले की राहिलेल्यांतले, हे शेवटचा श्वास सुटेपर्यंत कुणालाही कळायचं नाही. शेवटपर्यंत टिकून राहणं हेसुद्धा देवानेच द्यायचं.

आम्ही लहान होतो तेव्हा शाळा सुटल्यावर आप्पांच्या वर्गाच्या खिडकीत बसून पेरू खायचो. एकदा आप्पा याकोब आणि एसाव या जुळ्या भावांबद्दल शिकवत होते. ते अजून आईच्या पोटात होते, बरं केलं नव्हतं की वाईट केलं नव्हतं, तरी देवाने धाकट्या याकोबाला पसंत केलं आणि थोरल्या एसावाला नाही. विद्यार्थ्यांच्या काही गळी उतरेना. तेव्हा आप्पांनी खिडकीकडे हात केला. "हे पाहा. एकाच घटकेचे, एकाच दुधावर वाढलेले. उद्या यातला एक निवडला गेला आणि एक नाही, तर कोण देवाला जाब विचारणार?"

विद्यार्थी हसले. मीही हसलो. जयाने अर्धा पेरू खिडकीबाहेर टाकला.

जेवताना तो म्हणाला, "आप्पा, एसावानं काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. ते विचारायचं नसतं, जया. जेव."

कंपाउंडातल्या पोरांनी तेव्हापासून त्याला एसाव म्हणायला सुरुवात केली. पोरं विसरली, तो विसरला नाही. आईने त्याला मिशनच्या बँडात घातलं आणि तिथल्या जुन्या क्लॅरनेटवर त्याचा हात असा बसला की नाताळच्या उपासनेला बायका डोळे पुसायच्या. पण तो लग्नाच्या वरातींत वाजवायला लागला, वरातवाले पाजतील ते प्यायला लागला. एकोणिसाव्या वर्षी एका संध्याकाळी तो झिंगून घरी आला. आप्पा त्याला बोलायला लागले. तो ऐकून घेत होता, ऐकून घेत होता, आणि मग म्हणाला,

"पण मला रागावता कशाला? तुमच्या त्या आफ्रिकेतल्या मठातले संन्यासी बिशपला काय म्हणाले होते? कृपा देवानं द्यायची, तर मग आम्हांला बोलू नका, नुसती प्रार्थना करा. तुम्हीच शिकवलंत. मी खिडकीत होतो."

"आणि बिशपनं त्यांना काय उत्तर दिलं?"

"ते ऐकलं नाही. तास संपला."

आप्पांनी हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मला वाटतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी जया क्लॅरनेट घेऊन गेला. आई वारली तेव्हा कुठून तरी कळून तो आला होता, पण कबरस्तानाच्या भिंतीबाहेरच उभा राहिला. मी धावत गेलो तोवर निघूनही गेला होता.

तर त्या रविवारी आम्ही तिघे एस्टीने जिल्ह्याच्या गावी गेलो. वाटेत आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. इलाही मास्तरच माझ्याशी बोलत होते. जया त्यांच्याच घरी ओसरीवर राहायचा, त्यांच्या बायकोला भाभी म्हणायचा, त्यांच्या दोन्ही मुलींना त्याने बाजाची पेटी शिकवली. "दारू सोडतो म्हणायचा. सोडायचा बी. दोन-दोन म्हैने हात लावत नव्हता. मग एकदम म्हणायचा, मास्तर, आपलं काय ठरलेलंच हाय, आणि पुन्हा सुरू. काय ठरलंय रं, असं इचारलं की हसायचा."

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

वॉर्डात दुपारचं ऊन आडवं पसरलं होतं. खाटेवरचा माणूस मीच आहे असं क्षणभर मला वाटलं. नंतर त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा, हातांच्या काड्या आणि चादरीखालचं फुगलेलं पोट दिसलं. भाभी त्याला चमच्याने पेज भरवत होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या आणि पदर सावरून बाहेर गेल्या.

"मास्तर, सांगितलं होतं ना," जया म्हणाला.

"सांगितलं हुतंस. शिव्या दे," मास्तर म्हणाले, आणि तेही बाहेर गेले.

आप्पा स्टुलावर बसले. मग जयाने विचारलं, "आईला शेवटी त्रास झाला का?"

"नाही. झोपेतच गेली."

"बरं झालं."

आप्पांनी सवयीने खिशातून पवित्र शास्त्राचं पुस्तक काढलं, चष्मा लावला.

"वाचू नका, आप्पा. बोला."

त्यांनी पुस्तक मिटलं. आयुष्यभर लोकांच्या उशाशी बसून बोललेला माणूस चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिला. शेवटी जयाच बोलला. सावकाश, दोन शब्दांमध्ये श्वास घेत.

"एक विचारायचंय. तुम्ही एवढी माणसं जाताना पाहिलीत. तुम्हाला अंदाज असेल. मी त्यांच्यातला आहे का? निवडलेल्यांतला?"

"आहेस," मी म्हणालो. "आहेस रे. असं काय विचारतोस?"

"तुला नाही विचारलं, शीलू. तू माझ्याच बाजूनं बोलणार." तो आप्पांकडेच बघत होता. "आप्पा?"

आप्पांचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. एका शब्दाचं तर काम होतं.

"मला माहीत नाही, जया," ते म्हणाले.

जयाने मान डोलावली, जशी काही किंमत विचारावी आणि ती आपल्याला वाटलीच होती तेवढी निघावी. मग तोंड भिंतीकडे केलं.

मी आप्पांना दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. आयुष्यात त्यांच्यापुढे आवाज चढवला तो तेवढाच.

"एक शब्द म्हणायचा होता! एक! तो मरतोय, आप्पा!"

"खोटी ग्वाही देऊ? मरणाऱ्या माणसाला?"

"खोटी कशावरून?"

"आणि खरी कशावरून?" त्यांचा आवाज फाटला. "मी काय पाहिलंय? मला कुणी दाखवलंय? आजवर एकाही मयताला मी तसं म्हटलं नाही. तुझ्या आईलाही म्हटलं नाही. आता माझा मुलगा म्हणून म्हणू?"

"स्वतःबद्दल तरी माहीत आहे का तुम्हाला?"

रागाच्या भरात मी बोलून गेलो. व्हरांड्याच्या कठड्यावर धुतलेल्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या. आप्पा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मला एकदा निवडलं होतं."

मला कळलं नाही.

"चल आत," ते म्हणाले. "त्यालाही ऐकू दे."

ते परत स्टुलावर बसले. जया भिंतीकडेच तोंड करून होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगायला लागले, आणि सांगता सांगता त्यांची भाषा बदलत गेली. सेमिनरीतली, व्याख्यानातली भाषा गळून पडली आणि तिच्याखालून कुठल्या तरी माळावरची, मी कधीच न ऐकलेली बोली वर आली.

"मानमोडीच्या तापाची साथ आली, त्या सालची गोष्ट. घरटी माणसं मरत होती. पुरायला माणूस मिळत नव्हता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. माणदेशात, माळावर आमची वस्ती. आई सकाळी गेली, बा दुसऱ्या दिवशी गेला. ऱ्हायलो मी आणि माझा धाकटा भाऊ. चार-पाच वर्साचा. शेजारपाजार कुणी उरलं नव्हतं. आम्ही दारात बसून होतो.

"मग एक मडमबाई छकडा घेऊन आली. गावोगावची पोरकी पोरं गोळा करत फिरत हुती. छकडा भरला हुता. पोरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. एकाचीच जागा हुती, ती बी दाटीवाटीनं. ती उतरली. आम्हा दोघांकडं बघत उभी ऱ्हायली. लई वेळ. धाकट्याच्या अंगात ताप हुता. आणि मग तिनं माझ्याकडं बोट केलं."

जयाने तोंड वळवलं.

"मी काय केलं हुतं? काय न्हाई. त्यानं काय केलं हुतं? काय न्हाई. मी छकड्यात बसलो. तो रडला न्हाई. त्याला वाटलं, मी जत्रेला निघालोय. म्हणाला, दादा, मला गुडीशेव आण."

त्यांनी श्वास घेतला.

"उद्या येते म्हणाली ती बाई. आणि खरंच आली. तिला दोष देत न्हाई मी, तिनं चौदा पोरं वाचवली त्या मैन्यात. पण दुसऱ्या दिवशी दारात कुणी नव्हतं. कुणी उचलून नेऊन पुरलं, का कुठं गेला उठून, काहीच कळलं न्हाई. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. सगळे म्हणायचे, बाळा, देवानं तुला वाचवलं, तुझ्यात काही तरी चांगलं पाहिलं म्हणून वाचवलं. मला ते ऐकलं की ओकारी यायची. माझ्यात चांगलं होतं, तर मग त्याच्यात काय वाईट होतं? चार वर्षांच्या पोरात?"

ते आता पुन्हा आमच्या ओळखीच्या भाषेत आले होते, पण आवाज तो नव्हता.

"मग सेमिनरीत मी त्या बिशपचं म्हणणं वाचलं. सगळ्या जगात तो एकटा माणूस मला म्हणाला, तुझ्यात काही नव्हतं. तुझ्यात काही होतं म्हणून तू निवडला गेला नाहीस, आणि त्याच्यात काही कमी होतं म्हणून तो राहिला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली, जया. लोकांना ते शिकवणं कठोर वाटतं. मला ते पांघरुणासारखं वाटलं. मी ते तुमच्यावरही घातलं. तुला त्याखाली गुदमरायला होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

वॉर्डात कुणी तरी खोकत होतं. जया कितीतरी वेळ आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्यांना तो पहिल्यांदाच बघत असावा, आणि मीही.

"आईला ठाऊक होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"नाव काय त्याचं?"

आप्पांनी तोंड उघडलं आणि नाव बाहेर येईना. जवळजवळ पन्नास वर्षं ते त्यांनी उच्चारलं नव्हतं.

"म्हसू," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

जयाने हात पुढे केला. तो आप्पांच्या गुडघ्यापर्यंतच पोचला. हात तिथेच ठेवून जया पडून राहिला. मला वाटलं, झोप लागली. मग तो म्हणाला,

"मग असं करू, आप्पा. मी म्हसूकाकाकडं जातो."

"जया, असं बोलू नको."

"नाही, खरंच. तो राहिलेल्यांत असेल, तर तिथं त्याच्याजवळ आपलं कुणीच नाही. एवढी वर्षं एकटाच आहे पोरगा. कुणी तरी जायला हवं." त्याला धाप लागली. ती ओसरेपर्यंत तो थांबला. "तुम्हाला जाता येणार नाही. तुमची निवड झालीय. शीलूलाही नाही. मी जातो. मला चालतंय."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, तेच मला सोसवेना. घरातलं एखादं काम वाटून घ्यावं, भाऊ बाजारात जातोय तर मी दळण आणतो म्हणावं, तसा तो बोलला. आणि त्याचा चेहरा आम्ही आलो तेव्हापेक्षा मोकळा दिसत होता. आप्पांनी त्याचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेतले आणि संध्याकाळ होईपर्यंत ते तसेच चेपत बसले. मध्ये एकदा जयाने विचारलं, "गुडीशेव मिळते का हो अजून जत्रेत?" आप्पा म्हणाले, "मिळते." त्यानंतर तो फारसं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाभी पेज घेऊन यायच्या आत, तो गेला. आप्पांचा हात त्याच्या कपाळावर होता.

आम्ही त्याला घरी आणलं. मंडळीत कुजबुज झालीच. प्रभुभोजनाला दहा-अकरा वर्षं न आलेला, वरातीत पिऊन वाजवणारा माणूस. पंचांपैकी एक वडीलधारे गृहस्थ, जनार्दनराव खंडागळे, कबरेशी आप्पांच्या कानाला लागले. "साहेब, प्रार्थना मी चालवू का? आपल्याला जड जाईल."

"मीच चालवतो," आप्पा म्हणाले.

उन्हाचा तडाखा होता. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मागे बँडातली माणसं उभी होती, टोप्या हातात घेऊन, आणि कडेला भाभी आणि त्यांच्या मुली. आप्पांनी पुस्तक उघडलं नाही. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. प्रार्थनेचा त्यांचा एक ठरलेला स्वर असे. त्या दिवशी तो नव्हता. शेजाऱ्याशी बोलावं तसे ते बोलत होते.

"देवा, हा माझा मुलगा जयवंत. आणि त्याच्याबरोबर माझा भाऊ म्हसू. त्याला कुणी माती दिली की नाही मला माहीत नाही, म्हणून आज दोघांना देतोय. तुझी निवड तुझ्याकडं. मी कधी तुला जाब विचारला नाही, आजही विचारत नाही. पण हे दोघं जर बाहेर असतील, तर मलाही आत मोजू नको. मला त्यांच्यापाशी राहू दे."

ते थांबले. प्रार्थना संपली की मंडळीने आमेन म्हणायचं. पण सगळ्यांच्या माना खालीच राहिल्या. असल्या मागण्याला आमेन म्हणावं की नाही, हे कुणाला ठरवता येईना. खंडागळे पायाखालच्या दगडाकडे बघत होते. आप्पा डोळे मिटून, हात जोडून, वाट बघत तसेच उभे होते.

"आमीन," मागून इलाही मास्तर म्हणाले. चांगलं खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आप्पांनी डोळे उघडले, वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि वाकून पहिली मूठ माती उचलली.